मेहली मेहता : वाद्यवृंद उभा करणारा शिक्षक

नवा रायपुरातून बोलतोय. या मालिकेत मी बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो, पण आज विषय एका संगीतकाराचा आहे. फौजेत उमेदीची वर्षं गेली की बँड कानात बसतोच. पचमढीला आपल्या सैन्याची संगीत शाखा आहे, तिथे साध्या घरांतली मुलं स्वरलिपी वाचायला शिकतात. शिस्तीने शिकवलं तर वाद्यवृंद उभा राहतो, याबद्दल मला कधी शंका वाटली नाही. प्रश्न असतो तो शिकवणार कोण, आणि शिकलेल्याने पोट कसं भरायचं, हा.

झुबिन मेहता हे नाव तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या वडिलांचं, मेहलींचं, फारसं कोणी घेत नाही. मेहली मेहता यांचा जन्म 25 सप्टेंबर 1908 चा, मुंबईच्या पारशी घरातला. गंमत बघा, त्याच 1908 साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरचं आपलं गांधर्व महाविद्यालय मुंबईत आणलं. म्हणजे रागदारी शिकायची तर मुंबईत शाळा होती. व्हायोलिनवर बाख-बीथोव्हेन शिकायचं, तर जे मिळेल ते वेचून घ्यायचं. मेहलींनी तसंच केलं. हायफेट्झचं वादन कानावर पडलं आणि त्यांनी हेच आयुष्य असं ठरवलं.

1935 साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. त्यात पारशी होते, गोव्याचे वादक होते, युरोपातून जीव वाचवून आलेले ज्यू होते. तंतुवाद्यांची सोय कशीबशी व्हायची, पण फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडकडे बघावं लागे. आकाशवाणीची सकाळची धून आठवते ना? ती वॉल्टर काउफमान यांची. ते प्रागहून निघून मुंबईत आले होते. त्या धुनेतलं व्हायोलिन मेहलींचं, असं सांगितलं जातं.

आता मुद्द्याकडे येऊ. या वाद्यवृंदाच्या मागे शाळा नव्हती. एक चेलोवादक गाव सोडून गेला की त्याची खुर्ची रिकामी. पलटणीत जवान निवृत्त झाला तर ट्रेनिंग सेंटरकडून दुसरा येतो. मेहलींकडे सेंटरच नव्हतं. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा उलगडा या एका उणिवेत आहे.

महायुद्ध संपलं तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. दोन मुलं, स्वतःचा वाद्यवृंद, गावात नाव. हा माणूस सगळं मागे ठेवून न्यूयॉर्कला इव्हान गालामियन यांच्याकडे विद्यार्थी म्हणून गेला! चार वर्षं. मुलांनी ती वर्षं वडिलांशिवाय काढली, ही किंमतही मोजायला हवी. परत आल्यावरही मुंबईत पूर्णवेळ वादकाचं पोट भरेना. 1954 साली झुबिन व्हिएन्नाला शिकायला गेले, आणि पाठोपाठ मेहलींनीही मुंबई सोडली. मँचेस्टरला बार्बिरोलींच्या हॅले ऑर्केस्ट्रात व्हायोलिन, मग फिलाडेल्फियात कर्टिस चौकडीत.

त्याच सुमारास, 1956 साली, आमच्या छत्तीसगडात खैरागडला संगीताचं विद्यापीठ उभं राहिलं, आणि मुंबईचे श्रीकृष्ण रातंजनकर तिथे कुलगुरू झाले. मुंबईचा एक शिक्षक खैरागडला आला, दुसरा मँचेस्टरला गेला. दोघांची विद्या वेगळी होती हे खरं, पण एकाला देशात संस्था मिळाली आणि दुसऱ्याला नाही, हेही खरं.

1964 साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांना लॉस एंजेलिसमध्ये जागा सापडली. तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा वाद्यवृंद त्यांच्याकडे आला, आणि त्याच वेळी त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केली. मुलगा त्याच शहरात फिलहार्मोनिकचा संचालक. बापाने मात्र तरुण पोरं घेतली. ती वाजवायला तयार होती, पण शंभर जणांत एकमेकांचं ऐकत वाजवणं त्यांना यायचं होतं. मेहलींनी मोठमोठ्या सिम्फनी त्यांच्याकडून बसवून घेतल्या, कार्यक्रम विनामूल्य ठेवले, आणि नव्वदी गाठेपर्यंत, 1998 पर्यंत, तालमी घेतल्या. त्या पोरांपैकी कितीतरी पुढे व्यावसायिक वाद्यवृंदांत गेली. 19 ऑक्टोबर 2002 रोजी मेहली लॉस एंजेलिसमध्येच वारले.

संस्था अमर असते असं मी म्हणणार नाही. ती यूथ सिम्फनी 2024 साली बंद झाली. इकडे मुंबईत 1995 पासून मेहलींच्या नावाचं प्रतिष्ठान आहे, ते मुलांना पाश्चात्त्य संगीताची गोडी लावतं. आणि 2006 साली मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, तेव्हा बहुतेक खुर्च्यांवर परदेशी वादक बसवावे लागले. मेहलींच्या वाद्यवृंदाला सत्तर वर्षं उलटून गेली होती. मग एनसीपीएने 2012 साली अकादमी काढली, आणि लहान मुलांच्या हातात व्हायोलिन दिली.