दोर धरणारा

ज्याला धड पोहता येत नाही त्याने पाणबुड्यांविषयी लिहावे, हा थोडासा आगाऊपणाच आहे. पण दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनी एवढा आगाऊपणा पोटात घालावा, अशी विनंती आहे. मी जे लिहिणार आहे ते बुडी मारणाऱ्यापेक्षा काठावर उभ्या राहणाऱ्याविषयी अधिक आहे, आणि काठावर उभे राहण्याचा अनुभव मला पुष्कळ आहे.

गेल्या हिवाळ्यात भाच्याने तिकीट पाठवले म्हणून मी प्रथमच विलायतेस गेलो. तो लेस्टर शहरात नोकरी करतो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "मामा, आज आम्ही मित्रमंडळी पाण्यात उतरणार आहोत. तुम्ही काठावर बसा. थर्मासमध्ये चहा भरून घेतलाय." बाहेर गवतावरचे दहिवर गोठून पांढरेशुभ्र झाले होते. अशा दिवशी आपण आंघोळीचे पाणीही दोनदा तापवून घेतो, आणि ही मंडळी बुड्या मारावयास निघाली होती!

मला वाटले, एखादे तळे असेल. पण स्टोनी स्टँटन नावाच्या खेड्याजवळ मोटार थांबली आणि समोर पाहतो तो दगडाची खाण! उभे तासलेले कडे, आणि त्यांच्या कुशीत निश्चल, हिरवट-काळे पाणी. माझ्या पायांतले बळच गेले. खाणीच्या पाण्याशी माझे जुने नाते आहे. ते पुढे सांगेन.

या खाणीला स्टोनी कोव्ह म्हणतात. एकोणिसाव्या शतकापासून येथे ग्रॅनाइट काढीत. तो वाहून नेण्यासाठी १८५० च्या सुमारास येथवर रेल्वेचे रूळही आले होते. तळाशी झरे होते, ते पंपाने सतत उपसावे लागत. १९५८ साली काम थांबले, पंप थांबले आणि झऱ्यांनी आपली जागा परत घेतली. आज सर्वांत खोल भागात सुमारे ३५ मीटर पाणी आहे. उत्तर समुद्रात तेलासाठी विहिरी खणल्या जाऊ लागल्या, तेव्हा तेथे काम करणारे पाणबुडे १९६० आणि १९७० च्या दशकांत या खाणीत तयार झाले. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या या पाण्यात ना लाट, ना भरती-ओहोटी, ना ओढ. शिकण्यासाठी याहून शांत जागा कोठे मिळणार? हौशी लोकांना तळाशी काही पाहावयास मिळावे म्हणून २००० साली स्टेनगार्थ नावाची एक जुनी आगबोट मुद्दाम येथे बुडवण्यात आली.

सहाजण होते. अंगात लोकरीचे कपडे, त्यांवर पाणी आत न येऊ देणारा पोशाख, पाठीवर दाबून भरलेल्या हवेचे नळकांडे, कमरेला शिसे. जमिनीवर त्यांना चालवत नव्हते. पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांनी दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा एकेक पट्टा, एकेक नळी चाचपून पाहिली. हळदीच्या वेळी करवल्या नवरीचे दागिने चाचपतात, अगदी तसे. मी उत्साहाने अंगठा वर करून शाबासकी दिली, तर भाचा हसला. "मामा, पाण्याखाली अंगठा दाखवला की त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. सारे ठीक असेल तर असे करायचे," म्हणून त्याने तर्जनी अंगठ्याला टेकवून वर्तुळ केले.

"आणि तू एकटाच उतरलास तर?" मी विचारले.

"एकट्याने उतरायचे नाही. आम्हांला हेच पहिल्यांदा शिकवतात."

हा नियम मूळचा कोणाचा, याचे कुतूहल मला लागून राहिले. परत आल्यावर मिळाली ती पुस्तके वाचली, आणि एक फार सुंदर इतिहास हाती आला.

१७८२ च्या ऑगस्टमध्ये पोर्ट्‌स्मथजवळ नांगरून ठेवलेले 'रॉयल जॉर्ज' हे इंग्रजी युद्धनौकांतले एक मोठे जहाज दुरुस्तीसाठी कलते केले असताना भर दिवसा बुडाले. आठशेंहून अधिक माणसे गेली. त्याचा सांगाडा जहाजांच्या वाटेत पडून राहिला. तो काढण्याचे काम १८३९ साली कर्नल पॅस्ली या लष्करी इंजिनियराने अंगावर घेतले. पाणबुड्यांच्या डोक्यावर तांब्याचे शिरस्त्राण असे आणि वरच्या नावेतून पंपाने नळीवाटे हवा पुरवीत. त्या कामात एका पाणबुड्याची नळी खाली अडकली, तेव्हा ती कापून तो कसाबसा वर आला. पॅस्लीने आपल्या माणसांना आज्ञा दिली होती की, खाली जावयाचे ते दोघादोघांनी. जोडीने बुडी मारण्याची ही पहिली लिखित नोंद मानतात. लेस्टरच्या खाणीत मी जे पाहिले, त्याचे मूळ असे एका बुडालेल्या जहाजापाशी होते.

पण नळीने बांधलेला माणूस म्हणजे दावणीचे जनावर. त्याला मोकळा करण्याची युक्ती कोठून आली असेल? समुद्रातून नव्हे, खाणीतून! रुकेरॉल नावाचा एक फ्रेंच खाण-इंजिनियर होता. खाणीत विषारी वायू भरला की मजूर गुदमरून मरत, आणि त्यांना सोडवावयास गेलेलेही मरत. सोडवणाऱ्याला पाठीवर हवा नेता यावी म्हणून त्याने एक झडप तयार केली. माणूस श्वास ओढील तेव्हाच, आणि हवी तेवढीच, हवा ती सोडी. १८६० साली त्याने तिचे पेटंट घेतले. पुढे देनेरूझ या नौदलातील अधिकाऱ्याच्या साहाय्याने ते यंत्र पाण्यात गेले. भा. रा. भागवतांमुळे ज्यूल व्हर्न आपल्या घराघरांत पोचला. त्याच्या कॅप्टन नेमोची माणसे सागरतळावर फिरतात ती याच यंत्राची सुधारलेली आवृत्ती पाठीवर घेऊन. आणि नेमो हा बुंदेलखंडातला, १८५७ च्या उठावात लढलेला राजपुत्र होता, हे व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत उघड केलेच आहे.

हवा मिळाली, तरी प्रश्न सुटला नव्हता. खोल जाऊन आलेली माणसे वर आल्यावर सांधे धरून विव्हळत, काहींना पक्षाघात होई, काही मरत. गोळीसोड्याची बाटली फोडली की बुडबुडे फसफसून वर येतात ना? तसेच रक्तात होते. खोलवरच्या दाबाने हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो आणि दाब एकाएकी कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली हे दाखवून दिले. किती खोल गेल्यावर किती सावकाश, किती ठिकाणी थांबत वर यावे, याची कोष्टके जॉन स्कॉट हाल्डेन यांनी प्रथम बोकडांवर आणि मग माणसांवर प्रयोग करून १९०८ साली प्रसिद्ध केली.

हे हाल्डेन मोठे विलक्षण गृहस्थ. १९०६ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर प्रयोग चालू असता त्यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पोशाख घालून खाली सोडले. पोशाख मोठ्या माणसाचा. मनगटातून गार पाणी आत झिरपू लागले आणि पोर कुडकुडत वर आले. त्याच मुलाने पुढे १९३९ मध्ये, लिव्हरपूलजवळ 'थेटिस' पाणबुडी बुडून ९९ माणसे गेल्यावर, स्वतःला पोलादी टाकीत कोंडून घेतले. बर्फाच्या पाण्यात बसून, प्रचंड दाबाखाली, माणूस कोठवर शुद्धीवर राहतो हे त्याने स्वतःच्या देहावर पाहिले. त्या प्रयोगांत त्याच्या पाठीला कायमची दुखापत झाली. त्याची सहकारी हेलन स्पर्वे हिनेही असे प्रयोग स्वतःवर करून घेतले. हा मुलगा म्हणजेच जे. बी. एस. हाल्डेन. १९५७ साली ही दोघे, तोवर पतिपत्नी झालेली, भारतात आली. हाल्डेन भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. धोतर-कुडत्यातल्या त्या वृद्ध शास्त्रज्ञाचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्या पाठीत कोणते ओझे होते, हे मला आता कळले.

शेवटचा टप्पा महायुद्धातला. फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा एमिल गान्यां या इंजिनियराने मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप केली होती. ती पाहून नौदलातल्या कूस्तोला आपले उत्तर सापडले. १९४३ च्या जानेवारीत, गोठवणाऱ्या मार्न नदीत, त्याने पहिली चाचणी घेतली. ती फसली. उभे राहिले की हवा भसाभसा निघून जाई आणि डोके खाली केले की येता येत नसे. दोघांनी दोष शोधून काढला, आणि त्याच उन्हाळ्यात कूस्तो भूमध्य समुद्रात मुक्तपणे पोहला. पण त्या वेळची व्यवस्था पाहा. त्याची पत्नी सिमोन पाण्यावर तरंगत, खाली नजर लावून होती. त्याचा मित्र द्युमा, जो सर्वांत पटाईत पोहणारा, तो मुद्दाम किनाऱ्यावर बसला होता. हाक येताच उडी घेता यावी म्हणून अंग गरम राखून!

हे वाचले आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो.

मी दहा वर्षांचा असेन. पावसाळ्यात आमच्या गावाबाहेरची दगडखाण तुडुंब भरे. माझा एक मित्र विहिरीत पोहणारा, धीट. मी काठावर त्याचे कपडे घेऊन बसलो होतो. त्याने उडी घेतली, वर आला, माझ्याकडे पाहून हसला आणि पुन्हा खाली गेला. त्याला थट्टेची सवय होती, म्हणून मी वाट पाहिली. मग आणखी वाट पाहिली. शेवटी ओरडत पळत सुटलो. खाणीपलीकडे दगड फोडणाऱ्या वडारांची पाले होती. त्यांच्यातला एकजण कमरेला दोर बांधून, पोटाशी धोंडा धरून खाली गेला. दोर त्याच्या भावाने धरला होता. तिसऱ्या बुडीला त्याने माझ्या मित्राला वर आणले. मित्राच्या आईने मला कधीही काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

इतकी वर्षे मला वाटे, मी भित्रा म्हणून उडी घेतली नाही, हा माझा अपराध. आज वाटते, उडी घेतली असती तर दोघे गेलो असतो. खाणीच्या कडांना उतार नसतो, हाताला काही लागत नाही. वरचे पाणी उन्हाने कोमट, पण खालचे एकदम गार. गार पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते, आणि त्याच्या पहिल्या स्पर्शाने माणूस नकळत श्वास आत ओढतो. उणीव होती ती काठावर दोराची, आणि दोर धरावयास शिकवणाऱ्याची. त्या वडार भावांनी पॅस्लीचे नाव ऐकले नव्हते, तरी त्याचा नियम त्यांना ठाऊक होता.

त्या रविवारी मी पाण्यावर फुटणारे बुडबुडे मोजत बसलो होतो. बुडबुड्यांचे तीन झुबके होते, एका जोडीचा एक. एकदा एक झुबका दिसेनासा झाला, तेव्हा थर्मास हातातून सुटला. अर्ध्या तासाने तो पुन्हा दिसला, काठाजवळ, बराच वेळ एकाच जागी. पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबून मगच ते वर येतात, हे मला मागाहून कळले. मग एकेक डोके वर आले. एक, दोन... सहा. भाच्याचे ओठ निळे पडले होते. त्याने तर्जनी अंगठ्याला टेकवली. मीही टेकवली. चहा सांडला होता, त्याबद्दल मात्र तो रागावला.

गावी परतल्यावर पहिली गोष्ट केली. शाळेतल्या मोठ्या मुलांना घेऊन खाणीच्या काठावरच्या कडुनिंबाला एक जाड दोर आणि ट्रकची फुगवलेली ट्यूब बांधून आलो. दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन मुले जाऊन गाठ पाहून येतात. दोघेच जातात. एकाला मी पाठवत नाही.