अंकीय प्रतिमांतील आकृतिशोध : भंडारा जिल्ह्यातील तलाव

अंकीय प्रतिमेतील रेषा, वर्तुळे, बंदिस्त क्षेत्रे यांसारख्या आकृती संगणकाच्या साहाय्याने हुडकून त्यांचे स्थान, सीमा व क्षेत्रफळ निश्चित करण्याच्या क्रियेस आकृतिशोध म्हणतात. अंकीय प्रतिमा ही चित्रबिंदूंची चौकट असून प्रत्येक चित्रबिंदूस तेजस्वितेची एक वा अधिक मूल्ये दिलेली असतात. मनुष्यास पाहताक्षणी ओळखू येणारा तलाव संगणकास केवळ संख्यांच्या ओळींच्या रूपाने मिळतो. त्या ओळींतून तलाव वेगळा काढणे हा या शास्त्राचा मूळ प्रश्न होय. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जाणारा भंडारा जिल्हा या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यास विशेष सोयीचा आहे.

भंडारा व १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा या प्रदेशात लहानमोठे तलाव व बोड्या विपुल आहेत. त्यांपैकी पुष्कळसे कोहळी समाजाने गोंड राजवटीच्या काळात व त्यानंतर बांधले. उताराच्या जमिनीवर मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवायचे व ते खालच्या भातशेतीस द्यायचे, अशी त्यांची योजना असे. मालगुजारीच्या काळात त्यांची देखभाल मालगुजार व गावकरी करीत. १९५१ मध्ये मालगुजारी पद्धती संपुष्टात आल्यावर हे तलाव शासनाकडे गेले व ‘माजी मालगुजारी’ किंवा संक्षेपाने ‘मामा’ तलाव या नावाने ओळखले जाऊ लागले. देखभालीची जुनी व्यवस्था पुढे विस्कळित झाली, अनेक तलाव गाळाने भरले आणि कोणता तलाव किती उरला आहे, हे वारंवार मोजण्याची गरज निर्माण झाली.

आकृतिशोधाच्या रीती मात्र अगदी वेगळ्या गरजांतून उगम पावल्या. १९५७ मध्ये रसेल कर्श यांनी अमेरिकेत छायाचित्राचे अंकीय रूपांतर केले; ती प्रतिमा १७६ × १७६ चित्रबिंदूंची होती. बुद्‌बुद कोठीच्या छायाचित्रांतील कणांचे मार्ग यंत्राने ओळखावेत, म्हणून पॉल हफ यांनी एक रीत शोधली व १९६२ मध्ये तिचे एकस्व मिळविले. या रीतीत कडेवरील प्रत्येक बिंदू स्वतःमधून जाऊ शकणाऱ्या सर्व रेषांना जणू मत देतो आणि ज्या रेषेस सर्वाधिक मते मिळतात ती खरी मानली जाते. त्यामुळे मध्ये तुटलेली रेषाही सापडते. रिचर्ड डूडा व पीटर हार्ट यांनी १९७२ मध्ये या रीतीस आज प्रचलित असलेले रूप दिले. तेजस्वितेतील आकस्मिक बदलावरून कडा शोधण्याचे काम लॉरेन्स रॉबर्ट्‌स यांनी १९६३ मध्ये केले. १९८६ मधील जॉन कॅनी यांची रीत त्याच परंपरेतील होय. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये प्रतिमेचे दोन गटांत विभाजन करणारे उंबरठामूल्य आपोआप ठरविण्याची रीत मांडली.

२३ जुलै १९७२ रोजी सोडलेल्या लँडसॅट–१ या उपग्रहामुळे या रीतींना भूपृष्ठाच्या प्रतिमा नियमितपणे मिळू लागल्या. त्याचा चित्रबिंदू सु. ८० मी. बाजूचा, म्हणजे सु. ०·६४ हेक्टरांचा होता. अर्ध्या हेक्टराची बोडी त्यात एक पूर्ण चित्रबिंदूही व्यापू शकत नसे. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस–१ए या भारतीय उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा चित्रबिंदू ७२·५ मी., तर दुसऱ्याचा ३६·२५ मी. होता. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. २०१५ पासून मिळणाऱ्या सेंटिनेल–२ च्या १० मी. प्रतिमांत तीच बोडी सु. ५० चित्रबिंदूंची दिसते. आकृतीचा शोध घेण्यापूर्वी ती प्रतिमेत उमटावी लागते, ही मर्यादा कोणत्याही गणिताने ओलांडता येत नाही.

पाणी निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणावर शोषून घेते व हिरवा प्रकाश त्या मानाने अधिक परावर्तित करते. या दोहोंच्या फरकास त्यांच्या बेरजेने भागून मिळणारा जलनिर्देशांक मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये मांडला. स्वच्छ, खुल्या जलाशयास तो उत्तम लागू पडतो. भंडाऱ्यासारख्या प्रदेशात मात्र दोन प्रकारच्या चुका संभवतात. रोवणीच्या काळात पाण्याने भरलेल्या भाताच्या बांध्या तलावासारख्याच दिसतात, म्हणून नसलेले तलाव मोजले जातात. उलटपक्षी जलवनस्पतींनी झाकलेला अथवा उन्हाळ्यात आटलेला तलाव शेत किंवा पडीक जमीन म्हणून गणला जातो. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाशीय प्रतिमा मिळणेही कठीण असते. त्यासाठी ढगांतून पार जाणाऱ्या रडार लहरींचा आधार घेतात.

अशा ठिकाणी रंगापेक्षा आकृती अधिक विश्वसनीय ठरते. बांधी लहान व साधारणतः चौकोनी असते. तलावास एका बाजूस सरळ वा किंचित वक्र पाळ असते आणि वरच्या बाजूस पाणी जमिनीच्या चढउताराप्रमाणे पसरलेले असते. पाण्याची कडा ऋतूनुसार सरकते, परंतु पाळ जागची हलत नाही. म्हणून पाळीची रेषा व निरनिराळ्या महिन्यांतील जलव्याप्ती यांचा एकत्र विचार केल्यास निर्णय अचूकतेकडे झुकतो. २०१५ मध्ये मांडलेल्या यू-नेटसारख्या जालरचना अशी लक्षणे नमुन्यांवरून स्वतःच शिकतात. तथापि ते नमुने कोणत्या प्रदेशातील आहेत, यावर त्यांचे यश अवलंबून असते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातील पहिल्या जलाशय गणनेत २४,२४,५४० जलाशयांची नोंद झाली. त्यांपैकी ९७,०६२ महाराष्ट्रातील होते आणि देशभरातील ३८,४९६ जलाशयांवर अतिक्रमण आढळले. नोंद नसलेल्या तलावाच्या दुरुस्तीची मागणी करणे कठीण जाते आणि त्याच्या कोरड्या पात्रावर अतिक्रमण होणे सोपे जाते. त्यामुळे भातशेतीचे सिंचन आणि ढीवर समाजाची मासेमारी या दोहोंना बाध येतो. यंत्राने काढलेली सीमा महसुली नकाशा, निस्तारपत्रक व प्रत्यक्ष पाहणी यांच्याशी ताडून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. प्रतिमेत पाणी कोठे आहे हे संगणक सांगू शकतो. पाणी नसतानाही तेथे तलाव आहे, हे ठरविण्यास गावाची नोंद व गावकऱ्यांची स्मृती यांचीच साक्ष लागते.