सकाळची उलटी आणि आहुप्याची वाट

आंबेगाव तालुक्यातलं आहुपे हे सह्याद्रीच्या कड्यावरचं गाव. समोर दरीत कोकण, मागे भीमाशंकरचं रान. मागच्या पावसाळ्यात तिथे एक मावशी सांगत होत्या, "नातू रोज सकाळी ओकायचा, डोकं धरून बसायचा. आम्ही म्हटलं जंत असतील. नजरही काढली. चालताना झोकांड्या जायला लागल्या, तेव्हा पुण्याला नेलं." पोराच्या मेंदूत गाठ होती. पोरगं वाचलं, पण एक डोळा अधू झाला.

घरी आलो तरी ते बोलणं डोक्यातून जाईना. हजार वर्षांपूर्वी कुर्दुबाजवळ राहणाऱ्या अबुल कासिम अल-जहरावी या थोर शल्यविशारदाने 'किताब अल-तसरीफ'मध्ये मुलांच्या डोक्यात पाणी साठण्याच्या आजाराबद्दल लिहिलं आहे. आपण पाहिलेली अशी सगळी मुलं दगावली, म्हणून चाकू लावायचं टाळलं, अशी प्रामाणिक कबुली तो देतो. मेंदूतली गाठही पाण्याची वाट अडवते. सकाळची डोकेदुखी आणि उलटी त्यातूनच येते.

लहान मेंदूत होणाऱ्या अशा एका दुर्मीळ कर्करोगाला १९२५ मध्ये अमेरिकेत बेली आणि कुशिंग यांनी 'मेड्युलोब्लास्टोमा' हे नाव दिलं. कुशिंग हा त्या काळचा नामांकित मेंदूशल्यविशारद. तरीही १९३० मध्ये त्याने ६१ रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा तीन वर्षांनंतर जिवंत असलेला एकच होता. गाठ काढली तरी तिच्या पेशी पाण्यावाटे पाठीच्या कण्यात उतरत. मँचेस्टरच्या पॅटरसन आणि फार यांनी मेंदूबरोबर पूर्ण कण्यालाही किरण दिले. १९५३ मध्ये त्यांनी निकाल छापला: निम्म्याहून अधिक मुलं तीन वर्षं जगली होती. पुढे केमोथेरपीची जोड मिळाली. आज रोग पसरलेला नसेल आणि उपचार पूर्ण झाले, तर दहांतली सात-आठ मुलं वाचतात. मेंदूच्या देठातल्या काही गाठींपुढे मात्र डॉक्टर अजूनही हतबल आहेत.

हे उपचार आपल्या दारात आहेत. परळचं टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून दोराबजी टाटांच्या मनात हा विचार आला होता. त्याच संस्थेच्या खारघर केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन किरणांचे उपचार मिळतात. वाढत्या मुलाच्या निरोगी अवयवांना त्यात कमी इजा होते.

अल-जहरावीकडे इलाज नव्हता. आपल्याकडे आहे, पण आहुप्याहून घोडेगाव, तिथून पुणे, मग मुंबई, या वाटेवर कितीतरी आठवडे निघून जातात. सकाळची उलटी, डोकेदुखी, तिरळा झालेला डोळा, डगमगती चाल हे एकत्र दिसलं, तर थांबू नका. नजर काढा, दुवा मागा, पण त्याच दिवशी पोराला घेऊन एसटीत बसा.