मिलग्रमची चार वाक्ये

शाळेतल्या अर्जाच्या अखेरीस ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ असे लिहिण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. त्या विशेषणात काही गैर आहे, असे सहसा कोणाला वाटत नाही. आज्ञाधारकपणाविषयीच्या या निर्धास्तपणाला विसाव्या शतकात ज्या प्रयोगाने सर्वांत मोठा धक्का दिला, त्यातील दोन भूमिकांची नावेही ‘शिक्षक’ आणि ‘विद्यार्थी’ अशीच होती.

एप्रिल १९६१ मध्ये जेरुसलेमला अ‍ॅडॉल्फ आइकमनवरील खटला सुरू झाला. लाखो ज्यूंची मृत्युछावण्यांकडे रवानगी करणाऱ्या या अधिकाऱ्याचा बचाव एवढाच होता, की आपण वरिष्ठांची आज्ञा पाळली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रम या तरुण मानसशास्त्रज्ञाने आपले प्रयोग सुरू केले. स्मरणशक्तीचा अभ्यास आहे असे सांगून सामान्य नागरिकांना ‘शिक्षक’ केले जाई. ‘विद्यार्थी’ चुकला, की त्याला विजेचा धक्का द्यायचा, आणि दर चुकीला १५ व्होल्टने तो वाढवत ४५० पर्यंत न्यायचा. धक्के खोटे होते आणि विद्यार्थी मिलग्रमचाच माणूस होता. शिक्षकाला मात्र याची कल्पना नव्हती. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार ४० पैकी २६ जण शेवटच्या खटक्यापर्यंत गेले.

अधिकाऱ्यासमोर उभा असलेला माणूस स्वतःला दुसऱ्याच्या इच्छेचे साधन समजू लागतो, असे स्पष्टीकरण मिलग्रमने १९७४ च्या ग्रंथात दिले. ते सर्वतोमुखी झाले. परंतु ते जसेच्या तसे स्वीकारले, तर आइकमनच्या सबबीला विज्ञानाची मान्यता मिळते, ही त्यातील अडचण आहे. मिलग्रमच्याच इतर प्रयोगांचा पुरावा वेगळा आहे. दोन संशोधकांनी परस्परविरोधी सूचना दिल्या, तेव्हा एकही जण अखेरपर्यंत गेला नाही. शेजारच्या दोन ‘शिक्षकां’नी नकार दिला, तेव्हा ४० पैकी केवळ ४ जण शेवटपर्यंत गेले. म्हणजे माणूस आंधळेपणाने वागत नव्हता. कोण बोलतो आहे आणि आपल्याबरोबर कोण उभे आहे, हे तो पाहत होता.

साहित्याच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे असा भाग यापुढे आहे. शिक्षक अडखळला, की संशोधकाने क्रमाने चार वाक्ये उच्चारायची होती. ‘कृपया पुढे चालू ठेवा.’ ‘तुम्ही पुढे जाणे ही प्रयोगाची गरज आहे.’ ‘तुम्ही पुढे जाणे नितांत आवश्यक आहे.’ ‘तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही; तुम्हाला पुढे गेलेच पाहिजे.’ यांतील खरीखुरी आज्ञा शेवटची. जेरी बर्गर यांनी १५० व्होल्टची मर्यादा घालून हा प्रयोग पुन्हा केला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच्या पुढील विश्लेषणात आढळले, की हे चौथे वाक्य ऐकल्यावर एकही जण पुढे गेला नाही. निखळ आज्ञा मोडली जात होती. ध्येयाचे आवाहन मानले जात होते. अ‍ॅलेक्स हॅस्लम आणि स्टीफन रायकर यांनी यावरून असा युक्तिवाद केला, की हे लोक विज्ञानाच्या कार्याशी एकरूप झाल्यामुळे पुढे गेले. मिलग्रमचे पुरावेही निर्दोष नाहीत. जिना पेरी यांनी येलमधील दफ्तर धुंडाळून २०१२ साली दाखवून दिले, की संशोधकाने ठरलेल्या वाक्यांपलीकडे जाऊन आग्रह केला होता आणि अनेक सहभागींना धक्क्यांविषयी संशय होता.

खुद्द आइकमनही निव्वळ हुकमाचा ताबेदार नव्हता. अर्जेंटिनात १९५७ साली ध्वनिमुद्रित झालेल्या संभाषणांत तो आपल्या कृत्यांविषयी अभिमानाने बोलतो. तेव्हा ‘आज्ञा पाळली’ या उत्तरावर थांबणे म्हणजे संमतीचा प्रश्न टाळणे होय.

दुसऱ्या वाक्याची रचना पाहावी. तेथे मागणी करणारा माणूस नाही. गरज ‘प्रयोगा’ची आहे. आपल्या शासकीय मराठीतील ‘आदेश देण्यात येत आहेत’ या वाक्यातही आदेश देणारा दिसत नाही. असा गाळलेला कर्ता शोधून काढणे आणि आपण कशाला संमती देत आहोत हे विचारणे, हे भाषेच्या वर्गात शिकवता येण्याजोगे काम आहे.