इंदूर पद्धतीची वाटचाल

परदेशीपुरा वस्तीला लागून असलेल्या मालवा मिल आणि हुकुमचंद मिल या कापड गिरण्यांच्या भोंग्यांवर इंदूर जागे होत होते, त्याच काळात, 1924 साली, या शहरात कापसाच्या संशोधनासाठी 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. होळकर संस्थानाने 300 एकर जमीन 99 वर्षांच्या पट्ट्याने दिली, मध्यवर्ती कापूस समितीने अनुदान दिले आणि मध्य भारतातील संस्थानांनी वर्गणी भरली.

संस्थापक अल्बर्ट हॉवर्ड 1905 पासून पुसा येथील सरकारी संशोधन केंद्रात होते. तिथे बुरशी एका खात्याकडे, कीड दुसऱ्याकडे. पीक मुळापासून शेंड्यापर्यंत पाहण्याची मुभा कुणालाच नव्हती. इंदूरला त्यांनी खात्यांच्या भिंती घातल्याच नाहीत. माती, बैल, पीक आणि मजूर हा एकच विषय मानला गेला. मजुरांना वेळेवर मजुरी, ठरलेली विश्रांती, नीट घरे आणि औषधोपचार मिळत. शेतातील काडीकचऱ्यापासून खत करण्याच्या इंदूर पद्धतीचे मूळ या शिस्तीत आहे, कारण खताचा ढीग ठरल्या दिवशी उलटणारे हात टिकले नसते, तर प्रयोगही टिकला नसता.

पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, लवकर कुजत नाही, ही खत करण्यातली मोठी अडचण होती. ती रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चेचली जाई, मग गोठ्यात बैलांखाली अंथरली जाई. शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख मिसळून ती खड्ड्यात भरत. सोळाव्या दिवशी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग उलटला जाई. तीन महिन्यांत खत तयार होई. यामागची रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड यांनी सांभाळली.

1930 मध्ये हॉवर्ड यांच्या पत्नी आणि सहसंशोधक गॅब्रिएल यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी हॉवर्ड निवृत्त झाले, पण त्याच 1931 साली 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावे आहेत. पद्धतीला मात्र कुणा एकाचे नाव न देता इंदूरचे नाव देण्यात आले, आणि हेच तिच्या घडणीला साजेसे होते. ती केनियातील कॉफीच्या मळ्यांपर्यंत पोहोचली.

हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. संस्थेच्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे. इंदूरच्या देवगुराडिया येथील प्रकल्पात मात्र, 19 फेब्रुवारी 2022 पासून, शहरातील ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत तयार होते; त्याची क्षमता दररोज 550 टनांची आहे.