हंगामाची दोन टोके

कामामुळे होणाऱ्या आजारांचा अभ्यास कुठे शिकायचा, असे एखाद्या नव्या संशोधकाने विचारले की आपण सहज चार-दोन मोठी नावे सांगतो. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था 1966 पासून हेच काम करते. तिची प्रादेशिक केंद्रे बंगळूरला आणि कोलकात्याला आहेत. मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, चेन्नईला श्रीरामचंद्र विद्यापीठातला व्यावसायिक व पर्यावरणीय आरोग्याचा विभाग आहे. उपकरणे, प्रयोगशाळा आणि हाताला धरून शिकवणारी माणसे या ठिकाणी आहेत, म्हणून तिथे जायलाच हवे. पण ज्यांच्या छातीत कापसाची धूळ जाते आणि ज्यांच्या पाठीवर फवारणीचा पंप असतो ती माणसे सिल्लोडसारख्या तालुक्यात आहेत. या दोन टोकांमध्ये थोड्या आठवड्यांसाठी ये-जा करू पाहणाऱ्या तरुण अभ्यासकांसाठी ही प्रस्तावना आहे. नुकतीच एमडी झालेली डॉक्टर, पीएच.डी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला रसायनशास्त्रज्ञ, शेतीच्या अवजारांवर काम करणारी अभियंता, सगळ्यांचे या क्षेत्रात मनापासून स्वागत आहे.

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाताना, अजिंठ्याच्या घाटाआधी सिल्लोड लागते. कापूस, मका, मिरची आणि आले ही इथली पिके. जूनमध्ये पेरणी, जुलैपासून कपाशीवर फवारण्या, पावसाळ्यातच हिरव्या मिरचीचा तोडा आणि गाड्या भरण्याची धांदल, दिवाळीच्या सुमाराला जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचे काम, सुरू. मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्याही त्याच सुमारास कारखान्यांकडे निघतात, त्या उन्हाळा तोंडावर आला की परततात. मग एप्रिल-मेची उन्हे. वर्षातला एकही महिना असा नाही की ज्यात कष्ट करणाऱ्याच्या अंगाला काही सोसावे लागत नाही, आणि प्रत्येक महिन्याचे सोसणे वेगळे आहे. या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्याने आधी हे वेळापत्रक पाठ करावे, पाठ्यपुस्तक नंतर उघडावे.

या शास्त्राची सुरुवातही दवाखान्याबाहेर पडण्यातूनच झाली. इटलीतल्या मोदेना इथले वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 मध्ये कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली : तू काम काय करतोस? तो विचारण्यासाठी ते कार्यशाळांमध्ये गेले, मैला उपसणाऱ्यांशी बोलले, अळशीचे आणि भांगेचे तंतू विंचरणाऱ्यांचा खोकला त्यांनी टिपून ठेवला. आज तालुक्याच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाच्या चिठ्ठीवर वय, लिंग, गाव असते. काम क्वचितच असते. तीनशे वर्षांनंतरही हा रकाना रिकामा राहावा, याची मला मनापासून खंत वाटते.

आता कापसाच्या धुळीकडे येऊ, कारण सिल्लोडला ती सगळ्यात जवळची आहे. कपाशीच्या बोंडाभोवतीची वाळकी पाने, देठे आणि पाला यांचा चुरा कापसाबरोबर जिनिंगमध्ये येतो. त्यावर वाढलेल्या जिवाणूंचे एंडोटॉक्सिन त्या धुळीत असते आणि श्वासनलिका आवळण्यात त्याचा मोठा वाटा असतो. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी 1950 च्या दशकात त्याचा बारकाईने अभ्यास केला आणि कामगाराला विचारायची प्रश्नावली बसवली. तिचा कणा एका निरीक्षणावर उभा होता. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर आले की छाती जखडते, आणि मंगळवारपासून बरे वाटू लागते. पुढे आजार वाढला की ही जखडण आठवडाभर टिकते. सोमवारपुरती की रोजची, यावरून शिलिंग यांनी आजाराच्या पायऱ्या ठरवल्या.

मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे. सोमवारचा त्रास ओळखता येतो तो रविवारी सुट्टी असते म्हणून. मुंबईच्या गिरण्यांत ही सुट्टी आपोआप आली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सत्यशोधक कार्यकर्त्याने हक्क म्हणून मिळवलेल्या या दिवसाने पुढे डॉक्टरांच्या हाती निदानाचे साधन दिले. विसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत बिसिनोसिस शोधणाऱ्यांना सोमवारबद्दल विचारता आले, ते त्यामुळेच.

जिनिंगचे तसे नाही. कापसाची आवक जोरात असते तेव्हा पाळ्या सलग चालतात, सुट्टी ठरलेल्या वाराला मिळेलच असे नसते. कामावर असतात त्या पुष्कळदा बाहेरगावाहून, कधी परराज्यातून आलेल्या टोळ्या, आणि मुक्कामही आवारातच. यंत्रावर कापूस टाकणाऱ्या, पाला निवडणाऱ्या बाईला सोमवारचा प्रश्न विचारला तर ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल, आणि कागदावर ती निरोगी ठरेल. तिला विचारायला हवे ते हंगामाच्या पहिल्या आठवड्याबद्दल, किंवा घरी लग्नाला जाऊन परत आल्यानंतरच्या पहिल्या पाळीबद्दल. शिलिंग यांची प्रश्नावली जशीच्या तशी उचलून आणणाऱ्याला हे अहमदाबादेत बसून कळणार नाही. सिल्लोडला यावे लागेल, आणि हंगाम सुरू होत असतानाच यावे लागेल.

आपल्याआधी हा प्रवास कोणी केला? इजिप्तचे डॉ. मुस्तफा अल् बतावी यांनी तिथल्या कापूस उद्योगातल्या बिसिनोसिसवर 1962 मध्ये निबंध लिहिला आणि गिरणीच्या आधीची पायरी, म्हणजे जिनिंग, अभ्यासात आणली. पुढे जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेच्या व्यावसायिक आरोग्य विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. सुदानच्या डॉ. मुस्तफा खोगाली यांनी तिथल्या जिनिंग कामगारांचा अभ्यास 1969 मध्ये प्रसिद्ध केला. हे दोन्ही निबंध छापले ते ब्रिटनच्या औद्योगिक वैद्यकाच्या नियतकालिकात, म्हणजे ज्या देशाने लँकेशायरची प्रश्नावली दिली, त्याच देशाच्या वाचकांसमोर कापूस पिकवणाऱ्या देशांनी आपली बाजू ठेवली. खोगाली यांची पुढची वाट आणखी बोलकी आहे. ते उष्माघाताकडे वळले. 1980 मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. वायनर यांच्याबरोबर त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये उष्माघाताच्या रुग्णांवर लिहिले. हज यात्रेकरूंसाठी मक्केत वापरली गेलेली शरीर थंड करण्याची पद्धत त्यांच्याच कामातून आली : अंगावर पाण्याचा बारीक फवारा आणि वरून उबदार हवेचा झोत, म्हणजे त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसत नाहीत आणि उष्णता बाहेर पडत राहते. कापसाच्या धुळीपासून उन्हापर्यंतचा हा प्रवास मला या क्षेत्राचा खरा नकाशा वाटतो, कारण जिनिंगमधला माणूस मेमध्ये शेतात असतो. आजारांच्या शाखा पुस्तकात वेगळ्या असतील, अंग एकच आहे.

आता मी या प्रस्तावनेत जे मुख्य सांगू इच्छितो ते. आपल्या क्षेत्रातल्या बहुतेक मोजमापांना एकटा आकडा पुरत नाही, दोन तारखांमधला फरक लागतो. पहिल्या सेकंदात जोराने किती हवा बाहेर टाकता येते, हे पाळीच्या आधी आणि पाळीनंतर मोजले तरच धुळीचा परिणाम दिसतो. फवारणीच्या काही औषधांच्या विषबाधेत रक्तातले कोलिनएस्टरेज हे विकर घटते. पण ते माणसामाणसांत मुळातच इतके कमीजास्त असते की फवारणी सुरू होण्याआधीचा त्या माणसाचा स्वतःचा आकडा हाती नसेल, तर ऑगस्टमधल्या आकड्याचा अर्थ लावणे अवघड होते. मध्य अमेरिकेत निकाराग्वाच्या ऊसतोड कामगारांमध्ये मूत्रपिंडे निकामी होण्याचे गूढ उकलायला लागले ते तोडणीच्या आधी आणि तोडणी संपताना रक्तातले क्रिएटिनिन मोजल्यावर. त्यातून पाणी, विश्रांती आणि सावली यांचा आग्रह तिथे धरला गेला. आपल्याकडच्या 'कोयत्यां'साठी, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांसाठी, ही दोन टोकांची नोंद अजून अपवादानेच होते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली, तीही वर्षानुवर्षे होऊन गेलेल्या गोष्टींची, मागाहून.

2017 चे यवतमाळ आठवा. उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. चौकशा झाल्या, औषधांची मिश्रणे, पंप, कपाशीची उंची यांवर बोलले गेले. ज्यांचे प्राण वाचले त्यांचे जूनमधले रक्त मात्र कोणीच तपासलेले नव्हते, त्यामुळे किती हानी झाली हे ताडून पाहायला आधार उरला नाही. सिल्लोडची कपाशीही तशीच वाढते आणि पंपही पाठीवरचेच आहेत.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की या क्षेत्रातली अभ्यासभेट सलग चार आठवड्यांची नसावी. दोन-दोन आठवड्यांच्या दोन भेटी असाव्यात, हंगामाच्या दोन टोकांना बांधलेल्या. थोडक्या मुदतीची भेट एरवी उणी मानली जाते. इथे ती उणी नाही, फक्त तिची तारीख नेमकी हवी. अडचण अशी की शिष्यवृत्त्यांची मंजुरी आर्थिक वर्षाकडे आणि परीक्षांच्या वेळापत्रकाकडे पाहून होते. कपाशी त्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही. अर्ज लिहितानाच दोन तारखा मागा आणि त्यामागचे कारण लिहा. निवड समितीवरच्या ज्येष्ठांनाही माझी विनंती आहे, ही मागणी चैनीची समजू नका.

भेट दोन्ही दिशांनी व्हावी. उपजिल्हा रुग्णालयातली किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या सामाजिक वैद्यक (पीएसएम) विभागातली तरुण डॉक्टर अहमदाबादला जाईल, तेव्हा तिने काय शिकावे? श्वास मोजण्याचे यंत्र रोज सकाळी कसे तपासून घ्यायचे, कोणती फुंक नोंदीत धरायची आणि कोणती बाद करायची, हवेचा नमुना घेणाऱ्या पंपाचे तोंड नाकाजवळ कसे बांधायचे. असल्या गोष्टी वाचून येत नाहीत, शेजारी उभे राहूनच येतात. तिने चार दिवस नागपूरलाही काढावेत. 1924 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र तिथे आहे. यंत्रात धूळ नेमकी कुठून उडते, हे कळल्याशिवाय ती रोखण्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर काम होते, तेही पाहावे.

आणि अहमदाबाद-चेन्नईहून सिल्लोडला येणाऱ्याने काय शिकावे? आवारात शिरण्याआधी मालकाची परवानगी लागते हे खरे, पण मालकासमोर घेतलेली मुलाखत निरुपयोगी असते. मुकादमाला वगळून टोळीपर्यंत पोहोचता येत नाही आणि त्याच्या देखत खरे बोलले जात नाही. संध्याकाळी, चुली पेटायच्या आधी, राहण्याच्या जागी जावे. ज्याची पाळी तपासणीपायी बुडते त्याची मजुरी भरून द्यावी, आणि ती रक्कम अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून दाखवावी. मजुराच्या वेळेला किंमत नाही असे धरून चालणारा अभ्यास या क्षेत्रात शोभत नाही.

कायद्याची बाजूही शिकणाऱ्याने ओळखून घ्यावी. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होता, 1948 च्या कारखाना कायद्यातल्या अधिसूचित रोगांच्या यादीतही होता; या कायद्यांची जागा 2025 मध्ये नव्या श्रम संहितांनी घेतली. भरपाई मागायची तर मात्र कुठे, किती हंगाम काम केले हे दाखवावे लागते, आणि हंगामी मजुराकडे तो कागद नसतो. अमेरिकेने कापसाच्या धुळीची मर्यादा 1978 मध्ये ठरवली, पण आजही त्या नियमातून जिनिंग वगळलेले आहे. म्हणजे जगातल्या नावाजलेल्या नियमाचा आधारही आपल्या या मजुरांना मिळत नाही. तुमच्या वहीतला कामाचा इतिहास, म्हणजे गाव, जिनिंग, वर्ष, कोणते काम, हा तारखेसह नीट लिहिलेला असेल तर उद्या तोच त्या बाईचा पुरावा ठरू शकतो. तिच्या संमतीने त्याची एक प्रत तिच्या हाती द्या. रक्ताचे, फुंकेचे निकालही दुसऱ्या भेटीत तिला तिच्या भाषेत समजावून सांगा. दुसरी भेट ठरवण्याचे हे आणखी एक कारण आहे.

काम भरपूर पडले आहे. मिरचीच्या तोड्यानंतर बायकांच्या हातांची जी आग होते ती किती दिवस टिकते आणि कशाने शमते. मिरचीचा ठसका रोज घेणाऱ्या हमालाच्या श्वासनलिकेचे दहा वर्षांत काय होते. मक्याची मळणी चालते तेव्हाची धूळ कापसाच्या धुळीत मिसळते का. आल्याच्या शेतात वाकून काढणी करणाऱ्यांचे कंबर-गुडघे. उन्हाळ्याच्या तोंडावर जिनिंगच्या पत्र्याखाली किती तापते. यातला एकच प्रश्न घ्या. फवारणीचा घेणार असाल तर पहिली भेट मृगाच्या आसपास ठरवा, कपाशी गुडघ्याएवढी व्हायच्या आत; धुळीचा घेणार असाल तर दिवाळीनंतर लगेच, पहिली गाडी रिकामी व्हायच्या आधी या.