तळटीप : नगरहून उत्तरेकडे

आझमशहाच्या कूचाची गती आजच्या मापाने जोखणे अन्याय्य होईल. नगरजवळ भिंगारच्या छावणीत 3 मार्च 1707 रोजी औरंगजेब निवर्तल्यानंतर तख्तासाठी तोफखाना, जनानखाना व बाजारबुणगे यांसह उत्तरेकडे निघालेला हा शहाजादा आग्र्यानजीक जाजाऊच्या रणांगणावर मारला गेला तो 20 जूनला. उलट नगरच्याच जिल्ह्यातील काकडी येथे 1 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झालेल्या शिर्डी विमानतळावरून दिल्लीचे सरळ रेषेतील सुमारे 1,020 किलोमीटर अंतर विमान अदमासे दोन तासांत तोडते. अर्थात वेळापत्रकातील या अवधीत धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल व उतरण्यापूर्वीच्या संभाव्य घिरट्या जमेस धरलेल्या असतात. नगरहून काकडी गाठण्याचा वेळ मात्र कोणी हिशेबात घेत नाही.